पानभर उघडणारा मेनू कसा बांधायचा

एका पुस्तकविक्रेत्याच्या वेबसाइटचं काम चाललं होतं. दुकानातच संगणक मांडून आम्ही नवा मेनू तपासत होतो. तेवढ्यात नेहमी येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. म्हटलं, बाई, तुम्हीच जरा बघा. त्यांनी माउस हातात घेतला आणि वरच्या पट्टीतल्या ‘पुस्तकं’वर कर्सर नेला. खाली डावीकडे विभागांची यादी उघडली. त्यातल्या ‘चरित्रं’वर त्या थांबल्या, तशी उजवीकडे उपविभागांची यादी आली. त्यांना हवं असलेलं ‘संगीतकार’ त्या यादीत सगळ्यात खाली होतं. बाई तिरक्या तिकडे निघाल्या आणि वाटेत कर्सर ‘प्रवासवर्णनं’वरून गेला. झालं, उजवीकडचं सगळं बदललं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी माउस सोडला आणि म्हणाल्या, “हे मला धरताच येत नाहीये हो. माझाच हात आता हळू चालतो.”

त्यांचा हात बरोबर चालला होता, मेनू चुकीचा बांधला होता. मोठा ड्रॉपडाउन मेनू बसवायला तसं फार लागत नाही. वेबसाइटच्या तयार साच्यात, म्हणजे थीममध्ये, तो मिळतो, वरून जोडायच्या प्लगइनमध्येही मिळतो. पण तो उघडतो कधी, मिटतो कधी, आणि ज्याच्या हाती माउस नाही त्याचं काय होतं, हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. ते कसं ठरवायचं, हेच इथे सांगणार आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. साध्या ड्रॉपडाउनमध्ये एकाखाली एक पाच-सात ओळी येतात. ओळी वाढल्या की त्यातून बाजूला दुसरी यादी फुटते, तिच्यातून तिसरी. मोठ्या ड्रॉपडाउनमध्ये, ज्याला मेगा मेनू म्हणतात, एकच रुंद पॅनेल उघडतं. त्यात तीन-चार रकाने असतात, प्रत्येक रकान्याला मथळा आणि त्याखाली लिंका. सगळं एका नजरेत दिसतं. वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी यावर वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या याकोब नील्सन यांनी २००९ साली अशा मेनूंची बाजू घेतली, तेव्हा त्यांचा एक मुद्दा अगदी साधा होता: यादीतून यादी फुटते तेव्हा आधी काय पाहिलं ते लक्षात ठेवावं लागतं, सगळं समोर मांडलेलं असेल तर नुसतं पाहावं लागतं.

याच ठिकाणी एक गैरसमज नेहमी आडवा येतो. “मेनूत सातपेक्षा जास्त गोष्टी नकोत, माणसाला सातच लक्षात राहतात,” असं बैठकीत कुणीतरी म्हणतंच. हा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ सालच्या लेखातून आला आहे. पण तो लेख थोड्या वेळापुरतं डोक्यात काय धरून ठेवता येतं याबद्दल आहे. मेनू डोक्यात धरावा लागत नाही, तो समोरच असतो. नीट गट पाडलेल्या तीस लिंकांत हवं ते पटकन सापडतं, आणि गट न पाडलेल्या बारा लिंकांत माणूस चाचपडतो. तेव्हा आकड्याऐवजी गटांवर मेहनत घ्या. आणि तुमच्या साइटला दहाच पानं असतील, एखाद्या दवाखान्याची किंवा शाळेची असतात तशी, तर मेगा मेनूच्या वाटेला जाऊच नका. वरच्या पट्टीत पाच लिंका पुरतात.

गट संगणकावर नव्हे, टेबलावर पाडायचे. पुस्तकांच्या दुकानात बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये अडतीस विभाग होते आणि मालकांना तेच जसेच्या तसे मेनूत हवे होते. पण गल्ल्यासमोर येणारा माणूस ‘ललितेतर’ मागत नाही. तो म्हणतो, “लहान मुलांसाठी काही दाखवा,” “एमपीएससीची पुस्तकं कुठे?”, “दिवाळी अंक आले का?” आम्ही अडतीस चिठ्ठ्या केल्या, काउंटरवर पसरल्या आणि आलेल्या सहा-सात गिऱ्हाइकांना म्हटलं, तुमच्या मते जे एकत्र असायला हवं ते एकत्र ठेवा. या पद्धतीला कार्ड सॉर्टिंग म्हणतात आणि तिला कागद-पेनापलीकडे काहीही लागत नाही. ‘मुलांसाठी चरित्रं’ ही चिठ्ठी काहींनी चरित्रांत ठेवली, काहींनी बालसाहित्यात. अशा वेळी वाद घालत बसू नये. ती लिंक दोन्ही रकान्यांत द्यावी. पुस्तक कपाटात एकाच जागी ठेवावं लागतं, लिंकेला तसं बंधन नाही. शेवटी चार रकाने ठरले. रकान्यातला क्रम अकारविल्हे न लावता जास्त मागणीचं वर असा लावला. तिसऱ्या दिवशी मालक स्वतःच म्हणाले, की ‘संकीर्ण’ नावाचा विभाग काढून टाका, त्यात काय आहे हे आम्हालाही सांगता येत नाही.

आता बांधकाम. पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे मजकुराच्या रचनेत, मेनू म्हणजे यादीत यादी. बाहेरची यादी वरच्या पट्टीची, तिच्या प्रत्येक मुद्द्याच्या पोटात आतली यादी. आतल्या यादीला सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या भागात, ग्रिड लावलं की ती रकान्यांत मांडली जाते. ही रचना जुनी आहे आणि कसाला उतरलेली आहे. २००३ मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात पॅट्रिक ग्रिफिथ्स आणि डॅन वेब यांनी ‘सकरफिश ड्रॉपडाउन्स’ नावाने ती मांडली. तेव्हाच्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ ला कर्सर वर आल्याची खूण फक्त लिंकेवर समजायची, यादीच्या मुद्द्यावर नाही. म्हणून त्यांनी तेवढ्यापुरती दहा-बारा ओळींची जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हालचाल शिकवणारा कोड, जोडली होती. आज त्या जोडणीची गरज उरली नाही, पण यादीत यादी तीच आहे. तिचा फायदा असा, की सीएसएस पानावर पोचलीच नाही तरी लिंका वाचता येतात. गूगललाही त्या पानातच सापडतात, वेगळ्या मागवाव्या लागत नाहीत.

पॅनेल पूर्ण रुंदीचं करताना बहुतेकांची एक गफलत होते. पॅनेलला ‘पोझिशन अ‍ॅब्सोल्यूट’ दिलं की ते त्याला पोटात घेणाऱ्या डब्यांपैकी ‘रिलेटिव्ह’ दिलेल्या सगळ्यात जवळच्या डब्याला धरून बसतं. सवयीने आपण ‘रिलेटिव्ह’ मेनूतल्या त्या एका मुद्द्याला देतो, आणि मग पॅनेल त्या शब्दाच्या रुंदीत अडकतं किंवा त्याच्याखालून उजवीकडे पानाबाहेर पळतं. ‘रिलेटिव्ह’ अख्ख्या पट्टीला द्या, मुद्द्याला ‘स्टॅटिक’च राहू द्या, आणि पॅनेलला डावीकडे शून्य, उजवीकडे शून्य. ते पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरेल. पॅनेल अर्धवट कापलेलं दिसत असेल तर वरच्या एखाद्या डब्याला ‘ओव्हरफ्लो हिडन’ दिलेलं असतं. आणि पॅनेल खालच्या सरकत्या चित्रांच्या मागे जात असेल, तर झेड-इंडेक्सचे, म्हणजे कोणता थर वर हे ठरवणाऱ्या आकड्याचे, नऊ वाढवत बसू नका. हेडरचा, म्हणजे मेनूची पट्टी असलेल्या वरच्या भागाचा, स्वतःचा थर चित्रांच्या थराच्या खाली असेल तर आत कितीही मोठा आकडा लिहिला तरी पॅनेल वर येत नाही. तळमजल्यावरच्या घरात माळा बांधला म्हणून तो दुसऱ्या मजल्याच्या वर जात नाही, तसं. आकडा हेडरला द्यायचा.

आता येतो तो भाग, ज्यात बाई अडकल्या.

कर्सर वर आला की उघडायचं, याला हॉवर म्हणतात. यात पहिला धोका असा, की पानावर वर-खाली जाताना कर्सर सहज पट्टीवरून जातो आणि नको असताना पॅनेल अंगावर येतं. म्हणून थोडं थांबायचं. नील्सन यांनी सुचवलेले आकडे मी अजून वापरतो: कर्सर मुद्द्यावर अर्धा सेकंद टिकला तरच उघडायचं, उघडायचं ठरलं की ०.१ सेकंदाच्या आत दिसलं पाहिजे, आणि कर्सर बाहेर गेल्यावरही अर्धा सेकंद पॅनेल राहू द्यायचं. हा शेवटचा अर्धा सेकंद फार मोलाचा आहे. कर्सर जरा घसरला तरी माणूस परत येऊ शकतो. यासाठी जावास्क्रिप्टही लागत नाही. सीएसएसच्या ‘ट्रान्झिशन’मध्ये मिटण्याला वेगळा उशीर आणि उघडण्याला वेगळा उशीर लावता येतो.

दुसरा धोका डोळ्यांना दिसतही नाही. पट्टी आणि पॅनेल यांच्यात शोभेसाठी आठ-दहा पिक्सेलची मोकळी जागा ठेवलेली असते. कर्सर खाली जाताना त्या फटीत पडतो. तिथे तो पट्टीवरही नसतो आणि पॅनेलवरही नसतो, त्यामुळे पॅनेल मिटतं. झपकन जाणाऱ्याला हे कधीच कळत नाही, सावकाश जाणाऱ्याला दर वेळी कळतं. उपाय सोपा आहे: ती जागा ‘मार्जिन’ने न सोडता पॅनेलच्या आत ‘पॅडिंग’ म्हणून घ्यायची. जागा तशीच मोकळी राहते, पण ती पॅनेलचीच होते.

तिसरा धोका तिरक्या वाटेचा. डावीकडे विभाग, उजवीकडे उपविभाग अशी रचना असली की माणूस सरळ रेषेत, म्हणजे तिरकाच जाणार. तिरकं जाताना शेजारच्या विभागांवरून जावं लागतं. त्याने तसं न जाता आधी काटकोनात उजवीकडे जावं आणि मग खाली उतरावं, अशी सक्ती म्हणजे अरुंद बोळातून सायकल काढायला लावणं. याचं गणितही मांडलेलं आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवलं, की एखाद्या जागी हात पोचायला लागणारा वेळ त्या जागेच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो. पुढे १९९७ मध्ये जॉनी अ‍ॅको आणि शुमिन झाय यांनी बोळाचा नियम मांडला: बोळ जितका लांब आणि जितका अरुंद, तितका तो पार करायला वेळ जास्त. मेनूतली एक ओळ म्हणजे तसाच लांब, अरुंद बोळ. ज्याचा हात कापतो त्याच्यासाठी तो आणखी अरुंद होतो.

अ‍ॅमेझॉनने आपल्या विभागांच्या मेनूत याचा देखणा तोडगा काढला होता. कर्सर हलला की दर वेळी एक त्रिकोण कल्पायचा. त्याचं टोक म्हणजे कर्सरची आधीची जागा, आणि समोरची बाजू म्हणजे उपयादीची जवळची उभी कड. कर्सर त्या त्रिकोणात पुढे चालला असेल तर माणूस उपयादीकडे निघाला आहे, तेव्हा काही बदलायचं नाही. त्रिकोणाबाहेर गेला तर तो दुसरा विभाग बघतो आहे, तेव्हा लगेच बदलायचं. विनाकारण उशीर कुठेच नाही. खान अकॅडमी या ऑनलाइन शिक्षणसंस्थेत काम करणारे बेन केमेन्स यांनी २०१३ मध्ये ही युक्ती उलगडून लिहिली आणि तिचं प्लगइन खुलं करून दिलं. त्याही आधी, १९८० च्या दशकात, अ‍ॅपलच्या मॅक संगणकाच्या मेनूसाठी ब्रूस टोग्नाझिनी यांनी व्ही-आकाराच्या राखीव जागेची अशीच सोय केली होती. ज्याने कुणी हा त्रिकोण पहिल्यांदा आखला, त्याने नक्कीच आधी कुणाचा तरी हात निरखून पाहिला असणार. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

तरीही पुस्तकांच्या दुकानासाठी मी त्रिकोण वापरला नाही. डावे-उजवे दोन थरच काढून टाकले. चारही रकाने एकदम दिसतात, त्यामुळे वाटेत काही बदलण्याचा प्रश्नच उरला नाही. आणि हॉवर काढून क्लिक ठेवलं: ‘पुस्तकं’ दाबलं की उघडतं, पुन्हा दाबलं की मिटतं, बाहेर कुठेही दाबलं तरी मिटतं. मधल्या काळात हात कुठेही फिरू द्या. माझं मत विचाराल तर छोट्या साइटने क्लिकच ठेवावं. हॉवर करायचा असेल तर वर सांगितलेली सगळी काळजी घ्यावी लागते, आणि अर्धवट काळजी घेतलेला हॉवर सगळ्यात वाईट. बाईंनी पुढच्या आठवड्यात येऊन ‘संगीतकार’ पहिल्या झटक्यात गाठलं.

क्लिक ठेवायचं तर ‘पुस्तकं’ हा शब्द लिंक नसावा, बटण असावं. लिंक दुसऱ्या पानावर नेते, बटण इथेच काहीतरी करतं, आणि हा फरक न पाहणाऱ्याला ऐकू येतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला ‘पुस्तकं, बटण, मिटलेलं’ असं ऐकू यायला हवं. त्यासाठी बटणावर ‘एरिया-एक्सपांडेड’ ही खूण ठेवायची; मिटलेलं असताना तिची किंमत ‘फॉल्स’, उघडल्यावर ‘ट्रू’. बदलायचं एवढंच, पण ते जावास्क्रिप्टने आठवणीने बदलावं लागतं. ‘रोल मेनू’ नावाची खूण मात्र लावू नका, नाव ओळखीचं वाटलं तरी. ती लावली की स्क्रीन रीडर समजतो, की हा वर्डसारख्या सॉफ्टवेअरचा मेनू आहे, बाणाच्या कळांनी फिरायचं आहे, आणि वाचक भलत्याच कळा दाबत बसतो.

माउस न धरता येणारे पुष्कळ लोक फक्त टॅब कळ दाबत पान फिरतात. तुमच्या साइटवर हे आत्ताच करून बघा. पॅनेल मिटलेलं असताना टॅब दाबल्यावर, आपण पानावर कुठे आहोत हे दाखवणारी निशाणी कुठेतरी गायब होते का? होत असेल तर पॅनेल फक्त पारदर्शक करून लपवलं आहे. त्यातल्या चाळीस लिंका दिसत नाहीत, पण टॅबला सापडतात, आणि तो माणूस चाळीस वेळा अंधारात कळ दाबतो. ‘डिस्प्ले नन’ किंवा ‘व्हिजिबिलिटी हिडन’ने लपवलेलं टॅबच्या वाटेतून खरोखर बाहेर जातं. एस्केप दाबलं की पॅनेल मिटून निशाणी पुन्हा त्याच बटणावर यायला हवी. वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून जगभर मानले जाणारे जे नियम आहेत, त्यांच्या २०१८ सालच्या आवृत्तीत हॉवरने उघडणाऱ्या गोष्टींना तीन अटी घातल्या आहेत: कर्सर न हलवता मिटवता यावी, कर्सर तिच्यावर नेला तर ती टिकावी, आणि आपणहून गायब होऊ नये. २०२३ च्या आवृत्तीत दाबायच्या जागेचा किमान आकारही आला, २४ गुणिले २४ पिक्सेल. मी फोनवर ४४ ठेवतो. अंगठ्याला तेवढी जागा लागतेच.

फोनचं थोडक्यात सांगतो. तिथे हॉवर नाही. काही ब्राउझर पहिल्या स्पर्शालाच हॉवर मानतात, काही थेट लिंकेवर नेतात, त्यामुळे हॉवरवर विसंबलेला मेनू फोनवर लहरी वागतो. रकाने तिथे मावतही नाहीत. प्रत्येक मथळ्याखाली त्याची यादी उघडझाप होईल अशी एकाखाली एक मांडणी करायची. पण लिंका त्याच ठेवा. फोनवर जागा कमी म्हणून निम्मे विभाग गाळणं हा फोनवाल्यावर अन्याय आहे. त्यालाही तेच पुस्तक हवं असतं.

वेबसाइट बांधायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये हे कुठे करायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. २०१० मधल्या ३.० आवृत्तीपासून जुन्या धाटणीच्या थीममध्ये ‘अपिअरन्स’खाली ‘मेनूज’ हे पान आहे. तिथे एखादा मुद्दा धरून थोडा उजवीकडे सरकवला की तो वरच्याच्या पोटात जातो. मेगा मेनूला तीनच पातळ्या लागतात: पट्टीतला शब्द, रकान्याचा मथळा, लिंक. त्याच पानावर वर ‘स्क्रीन ऑप्शन्स’मध्ये सीएसएस क्लासची, म्हणजे मुद्द्याला ओळखीचं नाव द्यायची, चौकट चालू करा आणि फक्त ‘पुस्तकं’ला एक वेगळा क्लास द्या. मग ग्रिडची सीएसएस त्या एकाच मुद्द्याला लागते, बाकी ड्रॉपडाउन साधे राहतात. मथळ्यासाठी नुसतं हॅशचं चिन्ह टाकून कुठेही न जाणारी लिंक करायची सवय आहे, ती सोडा. ‘चरित्रं’ या मथळ्यावर क्लिक केलं की सगळी चरित्रं असलेलं पान यायला हवं. नव्या धाटणीच्या ब्लॉक थीममध्ये हेच काम साइट एडिटरमधल्या ‘नॅव्हिगेशन’ ब्लॉकमध्ये होतं, आणि उपमेनू क्लिकवर उघडण्याची सोय त्याच्या सेटिंगमध्येच आहे. रकाने मात्र तो ब्लॉक स्वतः पाडून देत नाही. त्यासाठी सीएसएस लिहावी लागते, नाहीतर मॅक्स मेगा मेनूसारखं प्लगइन घ्यावं लागतं. प्लगइन घेतलंत तरी टॅब आणि एस्केपची परीक्षा स्वतः घ्या.

आता खास मराठी साइटसाठी. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात, त्यामुळे मेनूत आपल्या अक्षरांचे हाल होतात. मेनूच्या शब्दांना ‘लेटर-स्पेसिंग’ दिलेलं असतं. रोमनमध्ये ते छान दिसतं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे होतात. ते शून्य करा. ओळीची उंची १ किंवा १.२ असेल तर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो किंवा शेजारच्या ओळीला भिडतो, १.६ च्या आसपास ठेवा आणि ‘र्कीं’, ‘द्धृ’ अशी उंच-खोल अक्षरं टाकून बघा. रकान्यांची रुंदी पिक्सेलमध्ये पक्की करू नका, ‘स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन’ मावायला हवं. पानाच्या भाषेची खूण मराठीची द्या. ती इंग्रजीची राहिली तर स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडत नाही, आणि ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात, तेही उमटत नाहीत.

आणि लेखकांची यादी. चौथ्या रकान्यात आम्ही लेखकांची आडनावं दिली होती आणि ती मात्र संगणकाकडून अकारविल्हे लावून घेतली होती. संगणकासाठी ‘क्ष’ म्हणजे क ला जोडलेला ष आणि ‘ज्ञ’ म्हणजे ज ला जोडलेला ञ. त्यामुळे ‘क्षीरसागर’ क च्या यादीत जाऊन बसले. पण मुळाक्षरं म्हणताना आपण ह, ळ, क्ष, ज्ञ असं संपवलेलं असतं, आणि वाचक क्षीरसागरांना शोधायला सरळ यादीच्या तळाशी जातो. आम्ही ती नावं हाताने खाली आणली.